दुसरी काच

"पहिली बेटर की दुसरी?" आमोदने विचारलं, आणि नंदाबाई म्हणाल्या, "दुसरी." खटकन आवाज झाला. "आणि आता? ही की ही?" "ही, दुसरी." पुन्हा खटकन. "आता?" "दुसरी बेटर," नंदाबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात थोडी कृतज्ञताही होती, कारण पोरगा मन लावून काम करत होता, आणि मन लावून काम करणाऱ्याला आपण पुढे सरकतोय असं वाटू द्यावं एवढी माणुसकी त्यांच्यात होती. मग आवाज थांबला. केबिनमध्ये अंधार होता. समोरच्या उजेडाच्या चौकोनात क, ग, म, र अशी अक्षरं कवायतीला उभी राहिल्यासारखी उभी होती, आणि खालच्या रांगेतली अक्षरं कवायतीला कंटाळून एकमेकांच्या खांद्यावर रेलली होती. आमोद म्हणाला, "काकू, रागावू नका. शेवटच्या दोन्ही वेळा मी काच बदललेलीच नाही. तीच काढली आणि तीच घातली."

"मग आवाज कशाला केलात?"

"बघायला."

"काय बघायला?"

"तुम्ही बघताय का ते." त्याने हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की नंदाबाईंना क्षणभर हा मुलगा वयाने साठीचा वाटला. बुधवार पेठेतल्या या दुकानात चष्मे विकणाऱ्यांची ही तिसरी पिढी होती. गिऱ्हाइकाचा अपमान करण्याचं काम त्यांनी नोकरांवर कधी सोपवलं नव्हतं. "डोळे थकले असतील तुमचे," तो पुढे म्हणाला, "थोडा वेळ मिटून बसा. मी बाहेरच्या गिऱ्हाइकाचं बघून येतो. आणि काकू, मी परीक्षक नाहीये. इथे मार्क तुम्ही द्यायचेत."

तो गेला. नंदाबाई नाकावर ती चाचणीची लोखंडी चौकट घेऊन अंधारात बसून राहिल्या. चौकट जड होती, बाजूला तिला स्क्रू होते, वर काचा अडकवायच्या खाचा होत्या, आणि ती घातलेला कुठलाही माणूस एखाद्या बंद पडलेल्या यंत्राचा सुटा भाग दिसला असता. त्यांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि त्या दोन्हींच्या मागून जे आलं त्याला काय म्हणावं ते त्यांना कळेना. घरी कपाटाच्या खणात तीन चष्मे पडून होते. तीन वेगवेगळ्या दुकानांतले; त्यांच्या नंबरांचे कागद त्यांनी आल्याबरोबर आमोदपुढे ठेवले होते. प्रत्येक चष्मा घालून त्या आठवडाभर जिन्यावर अडखळल्या होत्या, प्रत्येकाने त्यांचं डोकं ठणकवलं होतं, आणि दर वेळी त्यांनी पुण्यातल्या चष्मेवाल्यांचा दर्जा घसरत चालल्याचं निदान करून, दोऱ्याने दांडी बांधलेला आपला जुनाच चष्मा पुन्हा नाकावर चढवला होता. त्या बिचाऱ्यांनी सांगितलं तसंच बनवलं होतं, हे आता पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात आलं. प्रत्येकाने विचारलं होतं, पहिली बेटर की दुसरी. आणि प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं, दुसरी. दुसरी नंतर येते. नंतरची बेटर असणार. नाहीतर माणूस ती लावेल कशाला?

केबिनच्या फळीपलीकडून प्रज्ञेशचा आवाज येत होता. त्यांचा मुलगा फोनवर बोलताना नेहमी चालत बोलत असे, आणि दुकान एवढंसं असल्याने तो आता दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत असणार हे त्यांना न बघताही कळलं. "हो रणजितसर, पाचला. पार्टीला घेऊन डायरेक्ट कर्वेनगरला या. नाही नाही, आई तयार आहे. थोडी इमोशनल आहे, पण तयार आहे. तिलाही तिकडे बेटरच वाटणार." रणजित म्हणजे घरांचा एजंट. पार्टी म्हणजे नंदाबाईंचं कर्वेनगरचं घर बघायला, आणि बघितल्यावर बहुधा घ्यायला, येणारी माणसं. ते घर विकलं गेलं की आता तिथेच त्यांच्याबरोबर राहणारे प्रज्ञेश आणि त्याची बायको पूर्वा बालेवाडीच्या बाजूला बाविसाव्या मजल्यावरचं मोठं घर घेणार होते. त्यात आईसाठी वेगळी खोली होती आणि खोलीला लागून वेगळी न्हाणी. बिल्डर उद्यापर्यंत थांबणार होता. सगळं चोख होतं. फक्त 'आई तयार आहे' हे आईने कधी म्हटलं होतं, ते नंदाबाई अंधारात आठवू लागल्या, आणि आठवायला वेळ लागला नाही. रविवारी जेवताना प्रज्ञेशने मोबाइलवर त्या घराची चित्रं दाखवली होती. एक चित्र, बोटाने सरकवून दुसरं चित्र. "तिकडे बेटर ना, आई?" असं त्याने विचारलं होतं. आणि त्या म्हणाल्या होत्या, "हो. बेटर."

म्हणजे तिथेही खटकन आवाज झाला होता, आणि त्यांनी सवयीने सांगून टाकलं होतं.

सवय तशी त्यांची एकटीची नव्हती. ती तात्यारावांची. तात्याराव म्हणजे नंदाबाईंचे वडील; छप्पन्न साली नागपूरला जाऊन धर्म मागे ठेवून आले, आणि पुढच्याच वर्षी गावही मागे ठेवून बायकापोरांसह खडकीला येऊन कारखान्यात लागले. इंग्रजी त्यांना येत नव्हती, पण कारखान्यातून रिकाम्या डब्याबरोबर ते जे मोजके शब्द घरी आणत त्यांतला 'बेटर' हा त्यांच्या खास मर्जीतला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, निकाल द्यावा तसा ते तो शब्द उच्चारत. गावाहून खडकीची झोपडी: बेटर. झोपडीहून कारखान्याचं क्वार्टर: बेटर. चुलीहून स्टोव्ह, स्टोव्हहून गॅस, धोतराहून पाटलोण. कशापेक्षा, ते तात्याराव कधी सांगत नसत आणि घरात कुणी विचारतही नसे. कशापेक्षा ते घरातल्या प्रत्येकाला न सांगता माहीत होतं, आणि तान्ह्या पोरालाही ते माहीत असावं अशी त्यांची अपेक्षा होती. मागे वळून बघायला त्या घरात बंदी होती. एकदा गावाहून दत्तोबाकाका आले आणि ताटातल्या आंब्याची फोड उचलून म्हणाले, "आपल्या वढ्याकाठच्या आंब्याची सर न्हाई बघ याला, तात्या."

"आंबा कुणाचा होता?" तात्यारावांनी विचारलं.

"पाटलाचा."

"तुला कसा मिळायचा?"

"पडल्याला."

"मग पडलेल्याची चव आठवत बसू नको. ताटातला खा."

दत्तोबाकाकांनी खाल्ला. छोट्या नंदाला त्या वेळी काकांची दया आली होती, कारण तो आंबा गोड असणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पाटलाचा असला म्हणून काय झालं. पण हे म्हणायचं नसतं, एवढं तिला तोवर समजलं होतं. तिचीही एक गोष्ट होती, म्हणायची नसलेली. खडकीच्या झोपडीची मागची भिंत एका बेकरीच्या भट्टीला चिकटून होती. थंडीत सगळी वस्ती गारठून जाई, पण ती भिंत पहाटेपर्यंत कोमट राही, आणि नंदा तिला पाठ लावून झोपे. पाठीकडून ऊब येई आणि भिंतीच्या भेगांमधून पावाचा वास येई, आणि त्या दोन्हींमधला फरक झोपेत कळत नसे. मग क्वार्टर मिळालं. क्वार्टरला पक्कं छत, नळ, दाराला कडी. पहिल्या रात्री ती सवयीने भिंतीला पाठ लावायला गेली आणि भिंतीने तिला अशी थंडगार बोटं लावली की ती दचकून उठून बसली. तात्याराव जागेच होते. "काय गं, कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. सात वर्षांच्या नंदाने अंधारात त्यांच्या हातांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर होते. "बेटर," ती म्हणाली. आयुष्यातली तिची ती पहिली इंग्रजी, आणि पहिली थाप. झोपडी बरी होती असं तिला म्हणायचं नव्हतं. झोपडीत साप निघत आणि आई वर्षभर खोकत होती. भिंत गरम होती, एवढंच म्हणायचं होतं. पण तात्यारावांच्या घरात भिंत सुटी काढून देता येत नसे. भिंत घ्यायची तर झोपडी घ्यावी लागे, झोपडी घ्यायची तर गाव, आणि गाव घ्यायचं तर पाटलाच्या झाडाखाली पडेपर्यंत वाट बघत उभं राहणं.

पुढे सिंचन खात्याच्या कचेरीत नोकरी लागल्यावर त्यांना कळलं की पुण्यात प्रत्येकाकडे एक 'पूर्वी' असते. जशी प्रत्येकाकडे छत्री असते. शेजारच्या टेबलावरच्या बाई डबा उघडता उघडता म्हणत, "पूर्वीचं पुणं राहिलं नाही हो," आणि आजूबाजूची सगळी टेबलं उसासे टाकत. नंदाबाईही टाकत. पूर्वीच्या पुण्यात आपण कुठे होतो हा प्रश्न डब्याच्या वेळी काढण्यासारखा नव्हता. पूर्वी पाणी गोड होतं, पूर्वी माणसं सुसंस्कृत होती, पूर्वी रस्ते रिकामे होते. नंदाबाई ऐकत आणि त्यांना वाटे, ही माणसं किती श्रीमंत, यांना मागेही घर आहे आणि पुढेही. आपल्याला एकाच दिशेला दार. त्या दाराने बाहेर पडत राहायचं आणि पडताना म्हणत राहायचं: बेटर.

हा शब्द त्यांच्या माहेरी खोटं बोलत नसे, म्हणून तर त्या फसल्या. लग्न झालं तेव्हा यशवंत पोस्टात होते आणि दोघं पेठांमधून भाड्याची खोली शोधत हिंडत होते. नारायण पेठेत सुशीलाबाई नावाच्या एका बाईंची माडीवरची खोली रिकामी होती. बाईंनी बसायला सतरंजी दिली, चहा दिला, चहात वेलदोडाही होता. "आडनाव काय म्हणालात?"

"ओव्हाळ," यशवंत म्हणाले.

"ओव्हाळ." बाईंनी ते जिभेवर ठेवून पाहिलं. "मूळचे कुठले?" यशवंतनी गाव सांगितलं. "गावात कुठल्या बाजूला?"

यशवंतनी तेही सांगितलं. सुशीलाबाई अजिबात रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा आणखी मऊ झाला. "मी काय म्हणते, ही खोली तुम्हाला लहान पडेल. आज दोघं आहात, उद्या मुलंबाळं होतील. तुम्हाला याहून कितीतरी बेटर जागा मिळेल हो." जिना उतरताना नवी नवरी असलेली नंदा खुशीत होती. "बघा, त्यांनासुद्धा वाटलं," ती म्हणाली. यशवंतनी सायकलचं कुलूप काढलं, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि तिला मागे बसायला सांगितलं. तिच्या आनंदाला त्यांनी हात लावला नाही, हे त्यांचं नंतरच्या सगळ्या संसारात तिला पुरलं. ते वाक्य आणखी तीन घरांमध्ये, तितक्याच मऊपणे, जवळजवळ त्याच शब्दांत ऐकल्यावर तिला कळलं की माहेरचा शब्द पेठेत दुसरंच काम करतो. इथे त्याने कडी लागते, आणि लागताना आवाजसुद्धा होत नाही.

कचेरीत त्याचं आणखी एक काम होतं. सरकारात माणसाचं मोजमाप दर साली गोपनीय अहवालात होई, आणि नंदाबाई दर साली 'निश्चित चांगल्या' असत. निश्चित चांगला आणि नुसता चांगला यांत फरक काय, हे तो शेरा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. पण अनिश्चित चांगले असे कितीतरी लोक त्यांच्या डोक्यावरून वर चढत गेले. एक साहेब मात्र मनाने मोकळे होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी नंदाबाईंना बोलावून, समोर बसवून, आपुलकीने सांगितलं, "ओव्हाळबाई, मनापासून सांगतो. तुमच्यातल्या बाकीच्यांपेक्षा तुम्ही खूपच बेटर आहात." आणि नंदाबाई म्हणाल्या, "थँक्यू सर." त्या दिवशी कशापेक्षा ते बिनचूक सांगितलं गेलं होतं, आणि त्या बाकीच्यांमध्ये तात्याराव होते, दत्तोबाकाका होते, खोकणारी आई होती. ते 'थँक्यू' अजूनही कधीकधी, भाजी निवडताना किंवा दुधाची वाट बघताना, त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू येई. तात्यारावांना हे सांगता आलं नाही. ते तोपर्यंत गेले होते. इस्पितळात सकाळी डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय, तर तात्याराव म्हणाले, "बेटर." दुपारी गेले. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं. रोगी चांगला सुधारत होता.

फळीपलीकडे प्रज्ञेश आता पूर्वाशी बोलत होता, हे आवाज खाली आल्यावरून कळलं. त्याचा राग करणं कठीण होतं. तो तात्यारावांचाच नातू होता, हनुवटीपासून उतावळेपणापर्यंत. पूर्वाही मनाने चांगली. "आई, तिकडे क्लबहाउस आहे, वॉकिंग ट्रॅक आहे, सीनियर्सचा ग्रुप आहे. क्वालिटी ऑफ लाइफच बेटर," असं ती रविवारी म्हणाली होती, आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं. नंदाबाईंनी तेव्हा चित्रांमधल्या त्यांच्या खोलीकडे बघितलं होतं. भिंती पांढऱ्या होत्या. चित्रात भिंतीला हात लावून बघता येत नाही.

कर्वेनगरच्या घराला पश्चिमेकडे गॅलरी आहे. घर यशवंतनी पसंत केलं, इमारतीचा सांगाडा उभा होता तेव्हा, आणि दारावरची पाटी त्यांनी एवढ्या मोठ्या अक्षरांत करून घेतली की जिन्याच्या खालच्या वळणावरूनही ओव्हाळ वाचता यावं; ज्याला आडनाव विचारायचं असेल त्याचे कष्ट वाचावेत म्हणून. बाकी ते घर म्हणजे काही राजवाडा नव्हे. न्हाणीत ओल येते, स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या तर एकीला श्वास आत घ्यावा लागतो, आणि वरच्या मजल्यावरचे लोक पहाटे फर्निचर हलवतात, का ते त्यांनाच ठाऊक. पण थंडीत गॅलरीतली भिंत दुपारभर ऊन खाते आणि दिवेलागणीनंतरही कितीतरी वेळ तापलेली राहते. नंदाबाई कामं आटपून तिथे बुटक्या स्टुलावर बसतात आणि पाठ टेकवतात. यशवंत असताना ते विचारत, "काय करतेस तिथे?" आणि त्या सांगत, "काही नाही." यशवंत गेल्यावर त्या वेळी घरात विचारणारं कुणी राहिलं नाही, आणि त्या तरीही कधीकधी पुटपुटत, काही नाही. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी नव्हतीच. पाठ गरम होते म्हणून घर विकत नाही, असं म्हणणाऱ्या बाईला मुलगा डोळ्यांच्या डॉक्टरऐवजी दुसऱ्या डॉक्टरकडे नेईल.

आणि तरी, अंधारात त्या चौकटीच्या वजनाखाली बसल्या बसल्या, नंदाबाईंना हळूहळू असं वाटू लागलं की कारण द्यायचंच कशाला? हे कशापेक्षा चांगलं, ते कशापेक्षा कमी, हा हिशेब आयुष्यभर कुणीतरी समोर धरत आलं आणि आपण उत्तर देत आलो. सुशीलाबाईंनी धरला, साहेबांनी धरला, आणि खोटं कशाला बोला, तात्यांनीही धरला. एखादी गोष्ट नुसती चांगली असू शकते. तिला शेजारी बसवायला दुसरी गोष्ट लागत नाही. निश्चित चांगली, त्या मनाशी म्हणाल्या, आणि सरकारी शेऱ्याचा अर्थ त्यांना निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी लागला म्हणून त्यांना त्या अंधारात एकटीलाच हसू फुटलं.

"झाले का डोळे ताजे?" आमोद आत आला. त्याने काच अडकवली. "बघा. ही की ही?"

नंदाबाईंनी बघितलं. खरंच बघितलं, त्याला वेळ लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. "सारखीच," त्या म्हणाल्या.

"आता?"

"वाईट."

"आणि आता?"

"याआधीची बरी होती." हे म्हटल्यावर त्या थोड्या थांबल्या. काहीतरी कोसळेल असं त्यांना वाटलं असावं. निदान कुठेतरी दोन हात गुडघ्यांवरून उचलले जातील. काही झालं नाही. क, ग, म, र जागच्या जागी उभे होते. "ती पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. "नाही, ही नव्हे. तुम्ही पुन्हा चलाखी करताय."

"केली," आमोद म्हणाला. "आता जमायला लागलं तुम्हाला." त्यानंतर त्यांनी त्याला चांगलाच पिदडला. ही तिरपी, ती धुरकट, ही बरी पण डावीकडे नाही, ती काढा. आमोद घामाघूम झाला आणि खूश दिसला. शेवटी त्याने कागदावर आकडे खरडले आणि म्हणाला, "काकू, तुमचा खरा नंबर भलताच निघाला. खणातल्या तिन्ही चष्म्यांपैकी एकाचाही नाही आणि या दोरेवाल्याचाही नाही."

"जुनाही चूक होता?"

"जुना तर फारच. इतकी वर्षं तुम्ही अंदाजाने चालताय. आता एक करा, ही चौकट अशीच ठेवून बाहेर फूटपाथवर जा आणि लांबचं बघून या. दुकानातल्या उजेडात सगळंच बरं दिसतं."

नंदाबाई चौकट घालून, दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांच्या मधून वाट काढत, पायरी उतरून बाहेर आल्या. दुपारचं बुधवार पेठेतलं ऊन त्यांच्यावर एकदम आलं, आणि त्या उन्हात सगळ्याला कडा होत्या. समोरच्या दुकानात टांगलेल्या दिव्यांच्या माळांमधला दिवा न दिवा सुटा होता. तारांवरच्या कावळ्याला चोच होती. दगडूशेठकडे निघालेल्या बायकांच्या हातांतल्या दूर्वा त्यांना मोजता आल्या असत्या. आणि दुकानाच्या खांबाला टेकून फोनमध्ये मान घालून उभा असलेला प्रज्ञेश त्यांना दिसला. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. डोळ्यांखाली काळं होतं. हे कधी झालं? आपण रोज अंदाजाने याच्याकडे बघत होतो, त्यांना वाटलं. तरी त्या थांबल्या नाहीत.

"प्रज्ञेश, त्या रणजितला फोन लाव."

त्याने वर बघितलं. "आई, हे काय घालून आलीस? झालं का आत?"

"येऊ नका म्हणून सांग. घर विकायचं नाही."

"म्हणजे?" तो खांबापासून दूर झाला. "अगं, तूच रविवारी म्हणालीस ना, तिकडे बेटर."

"तू विचारलंस, बेटर ना. त्यातला तो 'ना' तुझा होता. मी मागून हो म्हटलं."

"हे आता सांगतेयस? उद्या सकाळी तिकडचा फ्लॅट दुसऱ्याला जाईल."

"कळतंय मला."

"काय कळतंय?" त्याचा आवाज चढला नाही, तो आणखी खाली गेला, आणि तेच जास्त लागलं. "आई, तात्याआजोबा एका जागी बसून राहिले असते तर मी आज कुठे असतो? तू कुठे असतीस? आपल्या घरात माणसं पुढे जातात. हे मला तूच शिकवलंस. आणि आता मी तेच करतोय तर तू गॅलरी धरून बसणार?"

हे खरं होतं. नंदाबाईंनी नाकावरची चौकट सारखी केली. मग त्या म्हणाल्या, "तात्या जिथून निघाले तिथे त्यांना बसायला जागा नव्हती, बाळा. उभं राहायलाही विचारावं लागायचं. मला जागा आहे. मला तिथून कुणी ऊठ म्हणू शकत नाही, तूसुद्धा नाही. ते एवढं चालले, त्यात कधीतरी कुणीतरी एकानं खाली बसायचं असेलच की. ती मी. मी बसले."

"आणि आम्ही?"

"तुम्ही जा. बाविसाव्यावर जा, चाळिसाव्यावर जा. मी येईन, राहीन चार दिवस, पूर्वाच्या त्या ट्रॅकवर चालेनसुद्धा. माझं घर विकून नको."

"मग आमचं ते घर जाणार. सरळ जाणार."

"जाणार," नंदाबाई म्हणाल्या. त्या शब्दाला त्यांनी साखर लावली नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांना अगदी जवळ, स्वच्छ दिसलं. या काचांचं एवढं एक वाईट होतं की नको तेही दिसत होतं. त्यांनी नजर काढून घेतली नाही.

फोन वाजला. प्रज्ञेशने रणजितचं नाव बघितलं आणि तो तसाच हातात वाजू दिला. नंदाबाईंनी हात पुढे केला, तसा त्याने तो त्यांच्या हातात ठेवला. "नमस्कार, मी नंदा ओव्हाळ बोलतेय. आज पाचला येऊ नका. घर विकायचं नाही."

"काय झालं मॅडम?" पलीकडून रणजित म्हणाला. "दुसरीकडून बेटर ऑफर आलीय का? मोकळेपणाने सांगा, आपण मॅच करू."

"ऑफर आलेली नाही."

"मग पार्टीचं काही? पार्टी एकदम डीसेंट आहे, मॅडम. तुम्ही कशी म्हणाल तशी."

"पार्टी चांगलीच असेल. पार्टी कशी आहे ते मी विचारलेलंच नाही. त्यांना सांगा, ओव्हाळबाई नाही म्हणाल्या."

"नाही असं डायरेक्ट कसं सांगू, मॅडम? काहीतरी रीझन..."

"नाही एवढंच सांगा. गोड करून सांगू नका."

त्यांनी फोन प्रज्ञेशला परत दिला. तो घेऊन तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या ओठांची ती चिवट रेघ नंदाबाईंना नीट ओळखता आली. आज रात्री घरी बोलणं होणार नाही, उद्याही नाही, पुढच्या रविवारी बहुधा फक्त भाताबद्दल होईल. होऊ दे. आमोदने लांबचं बघायला सांगितलं होतं म्हणून त्या फूटपाथवरून मंडईच्या दिशेने चालू लागल्या, नाकावर ती लोखंडी चौकट, दोन्ही कानांच्या मागे तिच्या वाकड्या दांड्या, आणि वर खाचांमध्ये चमकणाऱ्या काचा. एका हातगाडीवाल्याने गाडी थांबवली. कॉलेजच्या दोन मुलींनी एकमेकींना कोपर मारलं. दुकानाच्या पायरीवर बसलेले एक गृहस्थ चहाचा पेला ओठांशी तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मागून प्रज्ञेश झपझप आला, त्यांच्या बरोबरीने चालू लागला आणि मान न वळवता, दातांच्या फटीतून म्हणाला, "आई, ते काढ ना आधी. सगळे लोक बघतायत."

"बघू देत," नंदाबाई म्हणाल्या. "मलाही ते दिसतायत."